बुधवारचं प्रतिज्ञापत्र

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. अंकाच्या संपादकांनी फोनवर मोठ्या अदबीनं सांगितलं होतं, "मॅडम, इतकी वर्षं इन्कम टॅक्सची कामं केलीत, काही गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." गमतीजमती आहेत, नाही असं नाही. एक सांगतेही. पण लिहायला बसलं की हात एकाच फायलीकडं जातो आणि डोकं तापतं. ज्यांना हलकंफुलकंच हवं असेल त्यांनी मागच्या पानांवरचं राशिभविष्य वाचावं.

मी वकील नाही. बी.कॉम. झाले, नांदेडात एका जुन्या कर सल्लागारांकडं टायपिंगला लागले. ते थकले तेव्हा त्यांच्या फायली आणि लाकडी कपाट माझ्याकडं आलं. परीक्षा देऊन मग मी माझीच पाटी लावली. तरी अर्धापूर, नायगाव, देगलूर, कुठूनही माणूस आला की मला 'वकीलबाई'च म्हणायचा. दोन-चार जणांना समजावून बघितलं, मग तोंड दुखायला लागलं आणि सोडून दिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमच्या धंद्यात अवघड असतात ते आकडे. आकड्यांचं काय, ते कॉम्प्युटर करतो. आमच्याकडं सगळ्यात अवघड प्रश्न एकच, 'तुम्ही राहता कुठं?' देशाचा इन्कम टॅक्स भरताना तुम्ही महाराष्ट्रात राहता का तेलंगणात, याच्याशी खात्याला काही देणंघेणं नसतं. खातं बघतं ते एवढंच, की वर्षातले किती दिवस तुम्ही भारतात होता. सहसा एकशे ब्याऐंशी दिवस भरले की तुम्ही इथले. राज्याचा संबंध येतो तो व्यवसाय करात. पगारातून महिन्याला दोनेकशे रुपये कापले जातात ना, तो. तुम्ही जिथं काम करता ते राज्य तो घेतं, मग तुमचं घर कुठं का असेना. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या देगलूरच्या माणसाला वाटतं, कारण त्याच्या एका अंगाला तेलंगणा आणि दुसऱ्या अंगाला कर्नाटक. नोकरी एका राज्यात, सोयरीक दुसऱ्यात आणि चूल तिसऱ्यात, अशी घरं मी ढिगानं बघितली आहेत.

गंमत सांगते म्हणाले होते, ती सांगून टाकते. अर्धापूरकडचा एक फिटर आखाती देशात कामाला होता. तो त्या वर्षी भारतात किती दिवस होता ते मोजायचं होतं. गड्यानं पासपोर्ट पँटच्या खिशात ठेवला आणि बायकोनं पँट धुवायला टाकली. शिक्के सगळे निळे पाणी. मी कपाळाला हात लावला. बाई मात्र बिनघोर. तिनं पिशवीतून दूधवाल्याचं कार्ड काढलं. "हे घ्या, वकीलबाई. हे घरी असले की लिटर, नसले की अर्धा. मोजा." आम्ही दोघी मोजत बसलो. दिवस भरले दोनशेच्या वर. गडी म्हणाला, "आगं, येवढं कुटं व्हतो म्या?" तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा गेल्यावर तिचा भाऊ महिनाभर राहायला आला होता, त्याचंही दूध त्यात होतं. शेवटी विमानाची तिकिटं मोबाइलात सापडली आणि काम झालं. मी तिला म्हणाले, "अगं बाई, दूध वाढलं म्हणजे नवरा आला, हे मी सरकारला कोणत्या तोंडानं सांगू?" तर ती म्हणते कशी, "आमच्या गल्लीत तर समद्यांना तसंच कळतंय." हसून हसून पुरेवाट झाली आमची.

झाली गंमत. आता माझ्या हुशारीकडं येते.

पूर्वी खात्याच्या नोटिसा पोस्टानं यायच्या. देगलूरच्या पुढं एखाद्या गावात नोटीस गेली की ती कुणाच्याही हातात पडायची. शेजारी सही करून घ्यायचा, घरातली म्हातारी ती देवाच्या फोटोमागं ठेवायची आणि मुदत उलटून दोन महिने झाले की पोरगा ती घेऊन माझ्यापुढं उभा. "वकीलबाई, हे काय आलंय बघा बरं." काय बघू, कपाळ! दंड लागला की पुन्हा बोल मलाच. म्हणून मी एक युक्ती काढली. राहण्याचा पत्ता विचारणाऱ्या रकान्यात सरळ माझ्या ऑफिसचाच पत्ता टाकायचा. नोटीस आली तर माझ्या टेबलावर येईल आणि मी वेळेत उत्तर देईन. पुढं सगळं ऑनलाइन झालं, नोटिसा ईमेलवर यायला लागल्या, तरी सवय गेली नाही. मोबाइल माझा, ईमेल माझा, पत्ताही माझा. कागदावर बघितलं तर माझ्या दहा बाय बाराच्या गाळ्यात शे-दीडशे कुटुंबं राहत होती. हे मी लोकांना हसत हसत सांगायची. आमच्या धंद्यात असं बरेच जण करतात, मी एकटीच नव्हते. बचाव म्हणून सांगत नाही. त्यात काही वावगं आहे हे डोक्यातच यायचं नाही, एवढंच सांगून राहिले.

व्यंकटरावही असेच माझ्या गाळ्यात राहायला आले. हे नाव खरं नाही आणि त्यांच्या मुलीचं पुढं येईल तेही नाही. गाव देगलूर तालुक्यातलं, लहानसं. नोकरी तेलंगणात, हद्दीपासून तासाभराच्या अंतरावर एका राईस मिलमध्ये बॉयलरवर. आठवडाभर मिलनं दिलेल्या खोलीत राहायचं, हातानं भात-आमटी करून खायची आणि शनिवारी संध्याकाळी बस धरून गावाकडं. बायको, आई, मुलगी गावातच. रेशनकार्ड गावचं, लाइटबिल गावचं, मतदानही गावातच. घर बांधायला कर्ज पाहिजे होतं, बँकेनं रिटर्नं मागितली, म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडं पाठवलं. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. पहिल्या दिवसापासून ते मला अक्का म्हणायचे आणि मलाही ते बरं वाटायचं.

एकदा त्यांनी पगाराची स्लिप माझ्यापुढं धरली. "अक्का, हे दोनशे रुपये तेलंगणा सरकार कापून राहिलं. मंग म्या कुठला हाय? तिकडला का इकडला?" मी म्हणाले, "व्यंकटराव, इन्कम टॅक्सपुरते तुम्ही भारताचे. तेवढं बास." दोघंही हसलो. दरवर्षी रिटर्न भरलं की मी प्रत त्यांच्या हातात द्यायची आणि बजावायची, "जपून ठेवा. सरकारी कागद आहे, कुठंही कामाला येईल." त्यांनी आठ वर्षांची रिटर्नं प्लॅस्टिकच्या फोल्डरात एकावर एक लावून ठेवली. सरळमार्गी माणूस, सांगितलेलं ऐकणारा.

त्यांची मुलगी रेणुका. दहावी देगलूरला झाली, अकरावी-बारावीला लातूरला. आमच्याकडं पोरगं हुशार निघालं की लातूरला जातं, हे ठरलेलंच. बापानं बॉयलरवर जादा पाळ्या करून तिला तिथं खोली करून दिली. आणि पोरीनं चीज केलं हो! डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत एवढे मार्क, की सरकारी कॉलेज नक्की. व्यंकटराव पेढे घेऊन नांदेडला आले. नुसते पेढ्याचा पुडा पुढं करून उभे होते.

आता इथं नीट वाचा. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या बहुतेक जागा राज्यातल्या पोरांसाठी असतात. त्यासाठी दहावी-बारावी इथली पाहिजे आणि वर अधिवासाचा दाखला पाहिजे, म्हणजे हे कुटुंब महाराष्ट्राचंच आहे असं सरकारनं लिहून दिलेला कागद. तो ठरलेल्या तारखेपर्यंत ऑनलाइन चढवला नाही तर पोरीचं नाव राज्याच्या यादीतून बाहेर. तेलंगणाच्या यादीत तर ती नव्हतीच, कारण तिचं शिक्षण सगळं इकडचं. म्हणजे दाखला नाही तर इकडंही नाही आणि तिकडंही नाही. रेणुकाचा दाखला काढायचा राहून गेला होता. रेशनकार्ड आहे म्हटल्यावर आणखी काय लागतंय, असं व्यंकटरावांना वाटलं. शेवटची तारीख शुक्रवारची होती. मंगळवारी सकाळी बाप-लेक माझ्या ऑफिसात. अर्ज फेटाळला गेला होता. शेरा होता, 'अर्जदाराचे वडील परराज्यातील रहिवासी असल्याचे दिसून येते.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परराज्यातील! ज्या माणसाच्या आज्याच्या आज्यानं त्या गावात कुदळ मारली, तो परराज्यातला? दोनशे रुपये व्यवसाय कर तिकडं कापला म्हणून? मी म्हणाले, "उद्या मी येते तुमच्यासोबत. बघतेच त्या कारकुनाकडं."

बुधवारी दहाला आम्ही तालुक्याच्या ऑफिसात. कोणतं ऑफिस आणि कोण कारकून ते लिहीत नाही. चाळिशीचा माणूस, अंगात साधा शर्ट, टेबलावर फायलींच्या दोन चळती. मी नमस्कारही न करता सुरुवात केली. बॉर्डरच्या माणसांचे हाल तुम्हाला काय कळणार, पगार तिकडं मिळतो म्हणून माणूस तिकडचा होतो का, उद्या दुबईला गेला तर अरब होईल का, जे तोंडात आलं ते बोलले. ऑफिस गोळा झालं. व्यंकटराव मागून "अक्का, ऱ्हाऊ द्या, अक्का" करून राहिले. मला तर चेव चढलेला.

त्यांनी माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग फायलीतून दोन कागद काढले आणि माझ्यापुढं शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, व्यवसाय कराचं मी सोडून देतो. बॉर्डरवर असे लई लोक हायत, आम्ही रोज बघतो. हे मात्र मला समजावून सांगा. अर्जात पत्ता गावचा. रिटर्नात राहण्याचा पत्ता नांदेडचा, तोही आठ वर्षं सलग. मिलच्या कागदावर पत्ता तेलंगणाचा. एक माणूस तीन ठिकाणी राहतो का?"

मी काही बोलणार तोच त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. तो रिटर्नासोबत मीच दिलेला, माझ्या लेटरहेडवरचा हिशोबाचा कागद होता. वर माझं नाव, खाली माझ्या गाळ्याचा पत्ता. तोच नंबर, तोच मजला.

"हे कुटुंब तुमच्या दुकानात राहतं का, मॅडम?"

मी व्यंकटरावांकडं वळले. "रिटर्नं कुणी जोडायला सांगितली? अर्जाला ती लागतच नाहीत!"

"तुमीच म्हनल्या व्हत्या ना अक्का, सरकारी कागद हाय, कुठंबी कामाला येतो. म्हनून समद्यात वर लावलं."

आमच्याकडची माणसं अशीच. एक कागद मागितला की पेटीतले सगळे देतात, आणि ज्यावर शिक्के जास्त तो सगळ्यात वर. रेशनकार्ड, लाइटबिल, शाळेचा दाखला एवढंच जोडलं असतं तर पहिल्याच अर्जात काम झालं असतं. पण त्यांनी माझं ऐकलं, म्हणून माझा खोटा पत्ता सगळ्यात वर लागला.

कारकून म्हणाले, आणि हे त्यांचे शब्द मी विसरूच शकत नाही, "मॅडम, मला पोरीचं नुकसान करायचं न्हाई. हा पत्ता तुम्ही तुमच्या सोयीसाठी टाकला, या माणसाला त्यातलं काही माहीत न्हाई, एवढं तुमच्या सहीनं प्रतिज्ञापत्र करून द्या. मी गावातल्या तलाठ्याचा अहवाल घेतो आणि उद्या दुपारपर्यंत दाखला देतो."

एवढं सोपं होतं. दहा ओळी टाइप करायच्या आणि खाली सही.

बाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसतात. मी एकाजवळ जाऊन उभी राहिले आणि मजकूर मनात जुळवायला लागले. 'मी, कर सल्लागार अमुक तमुक, सत्य प्रतिज्ञेवर सांगते की मी रिटर्नात राहण्याचा पत्ता खोटा लिहिला.' हे लिहून द्यायचं? सरकारी फायलीत, कायमचं? उद्या हा कागद खात्याकडं गेला आणि त्यांनी बाकीची शे-दीडशे रिटर्नं काढली तर? तीस वर्षं नांदेडात मान खाली घालायची वेळ आली नव्हती. आणि आता एका कारकुनानं मला दोन कागदांत पकडावं? मला स्वतःचा राग यायला पाहिजे होता. मला त्या माणसाचा आला.

मी टायपिंगवाल्याला सांगितलं, "लिही. मी व्यंकट अमुक तमुक, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की सदर नांदेड येथील पत्त्यावर मी कामानिमित्त अधूनमधून भाड्यानं राहत होतो." म्हणजे माझा पत्ताही खरा ठरेल आणि नांदेड महाराष्ट्रातच असल्यानं पोरीचंही भागेल. केवढी हुशार मी! त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

व्यंकटराव म्हणाले, "पर अक्का, म्या तर तिथं कवा राहिलो न्हाई."

"व्यंकटराव, कागदाची भाषा वेगळी असते. सही करा."

त्यांनी चष्मा न लावताच सही केली. रेणुका इतका वेळ झाडाला टेकून उभी होती. तिनं कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. बाप अक्का म्हणतो म्हणून ती मला आत्या म्हणायची.

"आत्या, हे खरं न्हाई ना?"

"तू तुझं अभ्यासाचं बघ," मी खेकसले. "कागदाचं मला कळतं."

अठरा वर्षांची पोर, मोठ्या माणसापुढं काय बोलणार? कागद तिनं बापाच्या हातात दिला.

कारकुनांनी दुपारी ते प्रतिज्ञापत्र वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "भाडेकरार?" मी म्हणाले, तोंडी होता. "दुकानाच्या गाळ्यात राहायला?" मी म्हणाले, हो. त्यांनी मान हलवली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ठीक हाय. तुम्ही शपथेवर लिहून दिलं, आता मला ते तपासावं लागंल. चौकशी लावतो." आवाज चढवला नाही की काही नाही. मला उलट वाटलं, जिंकले.

गुरुवारी नांदेडात माझ्या गाळ्यावर चौकशीचा माणूस आला. मी तेव्हा वर नव्हते. खालच्या झेरॉक्सवाल्यानं सरळ सांगून टाकलं, "वर? वर तर वकीलबाईंचं ऑफिस हाय. तिथं कोण राहून राहिलं? संडास सुदिक न्हाई वर." हे त्यानंच मला संध्याकाळी मोठ्या उत्साहानं सांगितलं. मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा बघतच राहिला, कारण तो खरं बोलला होता.

शुक्रवारी पहाटेची पहिली बस धरून मी तालुक्याला गेले. ऑफिस उघडायच्या आधी टायपिंगवाल्यापुढं बसले आणि बुधवारी जे लिहायला पाहिजे होतं ते लिहिलं. पत्ता माझा आहे, मी माझ्या सोयीसाठी टाकला, आणि बुधवारचं प्रतिज्ञापत्रही मीच सांगितलं, सही करणाऱ्याला त्याचा अर्थ समजलेला नव्हता. कारकून आले, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बुधवारी हेच मागितलं होतं, मॅडम." एवढंच. पुढचं सगळं त्यांनी धावपळ करून केलं, हेही सांगितलं पाहिजे. तलाठ्याला स्वतःच्या फोनवरून बोलावलं. गावातली दोन माणसं आली, जबाब झाले. दोन वाजेपर्यंत फाइल पूर्ण झाली. राहिली होती फक्त साहेबांची सही. ती आता कॉम्प्युटरवरून होते, त्यांच्याजवळच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीनं. आणि साहेब जिल्ह्याला बैठकीला. किल्ली त्यांच्यासोबत. कारकुनांनी किती फोन केले ते मी मोजत होते. बैठक सुटली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि साहेब तिकडूनच आपल्या गावी गेले. शनिवार-रविवार ऑफिस बंद.

दाखला सोमवारी साडेअकराला निघाला. छान रंगीत, खाली सही झाल्याची हिरवी खूण. रेणुका ही महाराष्ट्राची अधिवासी आहे, असं सरकारनं मान्य केलं. यादीतून तिचं नाव शुक्रवारी रात्रीच गेलेलं होतं. आम्ही अर्ज केले, ईमेल केले, मुंबईला फोन लावले. मुदत ती मुदत, हेच उत्तर. त्या उत्तराचा मला आजही संताप आहे. दोन दिवसांसाठी एका पोरीचं आयुष्य फिरवता, कसले नियम हे! पण बुधवारी मी खरं लिहून दिलं असतं तर दाखला गुरुवारी दुपारी मिळाला असता. कितीही आदळआपट केली तरी मला तिथंच येऊन थांबावं लागतं.

त्या सोमवारी व्यंकटराव ऑफिसच्या पायरीवर दाखला हातात धरून बसले होते. मी जवळ गेले तर उठून उभे राहिले. डोळे लाल. म्हणाले, "अक्का, तुमी तुमचं नाव घालून लिहून दिलं आमच्यासाठी. स्वतःवर घेतलं समदं. सख्खी बहीणबी करत न्हाई."

त्यांना काहीच समजलं नव्हतं! त्यांना वाटत होतं, शुक्रवारी मी त्यांच्या पोरीसाठी खोटा गुन्हा अंगावर घेतला. मी तोंड उघडलं. सांगणारच होते, शपथेवर सांगते. तेवढ्यात रेणुका म्हणाली, "अप्पा, पाण्याची बाटली भरून आणता का? बस यायलीच हाय."

ते गेले. पोर माझ्याजवळ आली. रडलेली नव्हती.

"आत्या, अप्पाला सांगू नका."

"अगं, पण चूक माझी आहे. मला सांगू दे."

"म्या दोन्ही कागद वाचलेत. मला म्हाईत हाय." ती नळाकडं बघत बोलत होती. "मिलमधी त्यांना समदे महाराष्ट्रवाला म्हनतेत. गावात तेलंगणावाला म्हनतेत. आठवडाभर एकटे राहतेत तिथं. त्यांना वाटतंय तुमी एकल्या त्यांच्या हायत. तेवढं ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडं बघितलं. "तुमच्यासाठी म्हनत न्हाई म्या हे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

रेणुकानं पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. थोडक्यात हुकलं. बापाला आणखी एक वर्ष जादा पाळ्या करायला लावायच्या नाहीत म्हणून तिनं नर्सिंगला प्रवेश घेतला. आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गात पहिली असते. ती माझ्याशी नीट बोलते, सणाला फोनही करते. तक्रारीचा एक शब्द तिनं आजवर काढलेला नाही आणि मला तेच सोसत नाही.

दाखल्याच्या त्या घोळानंतर पुढचा उन्हाळाभर बसून मी शे-दीडशे जणांचे पत्ते दुरुस्त केले. एकेकाला फोन करून विचारलं, "तुम्ही खरंच राहता कुठं?" काही जण वैतागले, काहींना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. खात्यानं मला काही विचारलं नाही. ज्या भीतीपायी मी ते बुधवारचं प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं, ती भीती फुकटचीच निघाली. आईबापांनो, दाखला दहावीनंतरच काढून ठेवा आणि मागितलेत तेवढेच कागद जोडा. माझ्यासारख्या हुशार माणसानं दिलेला कागद तर जोडायच्या आधी दहादा वाचा.

पाटी उतरवून मला दोन वर्षं झाली. फायली सगळ्या दुसऱ्यांकडं गेल्या, एक सोडून. व्यंकटराव दुसरीकडं जायला तयारच नाहीत. दर जुलैला मिलमधली तांदळाची पिशवी घेऊन घरी येतात आणि मी त्यांचं रिटर्न भरून देते, गावचा पत्ता घालून. दरवेळी म्हणतात, "अक्का, तुमी व्हत्या म्हनून कागद तरी मिळाला. पोरीच्या नशिबातच नव्हतं, त्याला तुमी काय करनार?" मला ओरडावंसं वाटतं, अहो, नशिबाचं नाव कशाला घेता, माझं घ्या, भांडा माझ्याशी, ती तांदळाची पिशवी फेका माझ्या अंगावर! मी जन्मभर सगळ्यांवर रागावत आले, पण ज्या एका माणसानं माझ्यावर रागवायला पाहिजे तो रागवत नाही.

या जुलैतही आले होते. निघताना वाकून माझ्या पाया पडले. मी पाय मागं घेतले नाहीत. घेतले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं.